टॉवेलचा पट्टा, मोराची शेपटी आणि ‘किरकोळ’चं कपाट

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा यंत्रमागांचा कारखाना आहे. वडिलांनी उभा केला, आता हा बघतो. निम्म्याहून जास्त माग टॉवेलचे, बाकीचे जॅकार्ड चादरीचे. गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात त्याच्याकडे दोन माल परत आले. टॉवेलच्या एका गठ्ठ्यात मधूनमधून जाडसर आडवा पट्टा पडलेला होता, हात फिरवला की कळणारा. चादरींच्या एका लॉटमध्ये मोराची शेपटी अर्ध्यावरून बिघडली होती. वरचे डोळे बरोबर, खालचे रंग उलटेपालटे.

त्यानं मला फोन केला तो मात्र यासाठी नव्हे. “सर, स्पेअरचा सगळा स्टॉक कॉम्प्युटरवर घ्यायचाय. वर्गवारी कशी करायची तेवढं सांगून जा.” मी पॉलिटेक्निकात मेकॅनिकल शिकवतो. यंत्र कुठलंही असो, आत तेच दहा-बारा घटक फिरून फिरून येतात, हे पोरांना सांगण्यात निम्मी नोकरी गेली. त्यामुळे काम माझ्या आवडीचं होतं. एका रविवारी सकाळी कडक भाकरी-चटणीचा डबा घेऊन पोचलो. एका रविवारचं काम तीन महिने चाललं.

स्टोअर होतं कसं

तीन कपाटं. पहिल्यावर खडूनं ‘टॉवेल’, दुसऱ्यावर ‘चादर’, तिसऱ्यावर ‘किरकोळ’. सगळ्यात मोठं अर्थातच किरकोळ. कुठल्याही वर्गवारीचं खरं रूप पाहायचं असेल तर तिच्या किरकोळमध्ये काय काय पडलंय ते पाहावं.

मालावरून यंत्रं ओळखायची ही रीत आपल्याकडे पक्की आहे, आणि तिला कारणही आहे. सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकनही वेगवेगळं मिळालेलं आहे. कामगारसुद्धा ‘टॉवेलवाला’ नाहीतर ‘चादरवाला’. कराच्या कागदांवर आणखी तिसरीच विभागणी: माग 8446 या शीर्षात, आणि त्याच्या डोक्यावर बसणारं, नक्षीप्रमाणे धागे उचलणारं जॅकार्ड किंवा डॉबी 8448 मध्ये, सहायक यंत्रसामग्री म्हणून. पेटंटच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीतही विणकाम D विभागात येतं, तिथं ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर-खाली करणारी यंत्रणा D03C मध्ये आणि माग D03D मध्ये. म्हणजे एकाच चौकटीवर बोल्ट मारून बसवलेल्या दोन गोष्टी कागदावर दोन घरात राहतात. त्यात चूक काही नाही. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा: एकाला कर घ्यायचाय, दुसऱ्याला नवीन काय ते तपासायचंय.

टेक्स्टाइलच्या पुस्तकात चौथी वर्गवारी सापडते, आणि ती चांगली आहे. मागाच्या तीन प्राथमिक हालचाली: ताणा उघडणे, धोटा फेकणे, फणीनं आडवा धागा ठोकणे. दोन दुय्यम: तयार कापड पुढे ओढणे आणि बीमवरून, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळावरून, ताणा सोडणे. मग सहायक, म्हणजे धागा तुटला की माग थांबवणाऱ्या वगैरे. पण ही विभागणी मागापुरतीच चालते. कांड्या भरण्याचं मशीन, बीम उचलायची चेन-कप्पी, पॅकिंगची प्रेस, यांना तिच्यात जागा नाही. ती पुन्हा किरकोळ.

पहिला प्रयत्न, माझा

मी शिकवतो तसंच केलं. कॅम, लिव्हर, गिअर, रॅचेट (एकाच दिशेनं फिरणारं दातेरी चाक), स्प्रिंग, पट्टा-दोरी, ब्रेक. सात खण.

या विचाराला मोठी परंपरा आहे. अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं पाच साधी यंत्रं सांगितली: चाक-आस, तरफ, कप्पी, पाचर, स्क्रू. स्वीडनच्या क्रिस्टोफर पोल्हेम (1661–1751) यानं त्यावर मुळाक्षरं रचली, शाईची नव्हे, लाकडाची. प्रत्येक मॉडेलमध्ये एकच युक्ती: फिरणं सरळ करायचं, सरळ हालचाल मागे-पुढे करायची. हेरॉनची पाच यंत्रं म्हणजे स्वर, बाकीची व्यंजनं. स्वराशिवाय शब्द होत नाही तसं या पाचांशिवाय यंत्र होत नाही, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे धूळपाटीवर अक्षर गिरवत, तसं त्याला पोरांकडून यंत्र गिरवून घ्यायचं होतं. मला हा माणूस फार आवडतो.

आवडत असला तरी तो कामाला आला नाही.

कारखान्याचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे मिस्त्री, साठी ओलांडलेले. घरी तेलुगू, कामावर मराठी, मालकासकट सगळे त्यांना मामा म्हणतात. सात खण बघून ते म्हणाले, “सर, तुमचं बरोबर हाय. पण रात्री दोनला माग बंद पडल्यावर मी पोराला ‘रॅचेट आण’ म्हणलो, तर तो कुठला आणंल? आठ पडलेत हितं.” मग त्यांनी एक पॉल उचललं, म्हणजे रॅचेटच्या दात्यात अडकणारी जीभ, आणि टोकावर अंगठा फिरवला. “आणि एकटी जीभ आणून भागत न्हाई. चाकाचे दात गेले असले तर नवी जीभ आठ दिवसांत खराब. जोडी बघावी लागती.”

मी गप्प झालो. 1875 मध्ये जर्मन अभियंता फ्रांझ रूलो यानं नेमकं हेच मांडलं होतं: यंत्राचा मूळ घटक म्हणजे सुटा भाग नव्हे, एकमेकांना लागून हलणाऱ्या दोन भागांची जोडी. आसाला बेअरिंगशिवाय अर्थ नाही, स्क्रूला नटशिवाय नाही. दरवर्षी हे फळ्यावर लिहितो, आणि स्टोअर लावताना जीभ एका खणात, चाक दुसऱ्या खणात टाकून मोकळा झालो होतो.

पट्टा आणि शेपटी

मामा ते पॉल सोडेनात. टॉवेलच्या मागावरून काढलेलं होतं ते. तेव्हा कुठे परत आलेल्या मालाचा विषय निघाला.

टॉवेलच्या मागात प्रत्येक पिकला, म्हणजे प्रत्येक आडव्या धाग्याला, एक जीभ रॅचेटचा एक दात पुढे ढकलते. तो हिशोब गिअरमधून रोलरपर्यंत जातो आणि कापड केसभर पुढे ओढलं जातं. दुसरी जीभ चाक मागे फिरू देत नाही. एसटीचा हँडब्रेक ओढताना जो कर्रकर्र आवाज येतो, तेच. पहिल्या जिभेचं टोक गोल झालं की कधीतरी ती दातावरून घसरते. कापड जागच्या जागी, धोटा मात्र चाललेला. तेवढ्या जागेत धागे दाटतात. तोच जाड पट्टा.

आता चादर. जॅकार्डच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. एक कार्ड म्हणजे एक आडवी ओळ. भोक असलं तर सुई आत जाते, तिचा हूक जागेवर राहतो आणि वर जाणारी सुरी त्याला उचलते. भोक नसलं तर पुठ्ठा सुईला मागे रेटतो, हूक सुरीच्या वाटेतून सरकतो, धागा खालीच राहतो. ही माळ ज्या चौकोनी ठोकळ्यावर चढते त्याला म्हणतात सिलिंडर. का म्हणतात देव जाणे. तो दर ओळीला एक पाव वळसा घेतो. वळवतो कोण? एक आकडा. सिलिंडर मागे सरताना आकडा त्याच्या कोपऱ्यात अडकतो आणि त्याला वळायला लावतो.

मी आणि मालक दोघंही वर चढून बॅटरीच्या उजेडात बघत होतो. आकड्याचं टोक गोल झालेलं. तो एकदा घसरला, सिलिंडर वळला नाही, तेच कार्ड पुन्हा लागलं. एक ओळ दोनदा विणली, आणि तिथून पुढे कार्डांचा क्रम आणि रंगीत धोट्यांचा क्रम एक पाऊल चुकले. तीच मोराची शेपटी.

चार दातांचं रॅचेट आणि त्याची जीभ. दुसरं काही नाही. पण टॉवेलचं पॉल ‘टॉवेल’ कपाटात होतं, आकडा ‘चादर’ कपाटात, आणि दोघांची झीज एकाच जातीची आहे हे कपाटांमुळे कुणाला दिसत नव्हतं. टॉवेलच्या मागाची जीभ नवीन बसवली त्या दिवशी कुणीतरी चादरीच्या मागावर चढून आकडा पाहिला असता, तर मोर वाचला असता.

दुसरा प्रयत्न: क्रियापदं

त्या दिवशी खणांवरची नामं पुसली आणि क्रियापदं लिहिली. शब्द बहुतेक मामांचे. ‘पाऊल टाकणारे’: एका वेळी एकच पाऊल पुढे आणि मागे नाही, यात कापड ओढणारं रॅचेट, डॉबीचं रॅचेट, जॅकार्डचा आकडा, पिक मोजणारं मीटर, चेन-कप्पीची जीभ. ‘मारणारे’: धोट्याला टोला देणारा पिकर, पिकिंग स्टिक, तिचा पट्टा. ‘धरून ठेवणारे’: ब्रेक, बीमवरच्या वजनाच्या साखळ्या, स्प्रिंगा. ‘नेणारे’: धोटा, कांडी. ‘लक्षात ठेवणारे’. आणि ‘विचारणारे’.

शेवटच्या दोन खणांवर सगळ्यात जास्त वाद झाला.

वाद सुरू झाला कॅमवरून. माझ्या मते कॅम ढकलणारा घटक: फिरतो आणि दांडा वर-खाली करतो. पण टॉवेलच्या मागात फणी हलवणारा एक कॅम असतो, त्याचं काम नीट पाहण्यासारखं आहे. टेरीत दोन ताणे असतात, एक घट्ट, एक सैल. पहिले दोन आडवे धागे फणी पूर्ण ठोकत नाही, कापडापासून थोडं अंतर ठेवून सोडते. तिसरा धागा आला की पूर्ण ठोकते. तिन्ही धागे मिळून घट्ट ताण्यावरून सरकत कापडाला भिडतात, त्यांच्यात चिमटलेला सैल ताणा जागा न मिळाल्यानं वर उचलला जातो आणि लूप तयार होतो. टॉवेलचा मऊपणा म्हणजे फणीनं दोनदा हात आखडता घेणं.

आता ‘दोनदा नको, तिसऱ्यांदा मार’ हे लिहिलंय कुठे? कॅमच्या कडेवर. लोखंडाला आकार देऊन तीन ओळींचा हुकूम कोरलाय. तो ढकलतो हे खरंच, पण त्याआधी तो लक्षात ठेवतो.

हे मान्य केल्यावर एका रांगेत चार गोष्टी उभ्या राहिल्या, ज्या याआधी कधी एका कपाटात आल्या नव्हत्या. कॅम दोन-चार ओळी लक्षात ठेवतो. बदलायचा तर पाना घेऊन मागाखाली झोपावं लागतं. डॉबीची खुंट्यांची पट्टी थोड्या अधिक ओळी धरते; खुंट्या हातानं काढून घालता येतात. जॅकार्डची माळ शेकडो-हजारो ओळींची. नक्षी बदलायची तर नवी कार्डं पंच करून दोऱ्यानं ओवून घ्यायची. आणि इलेक्ट्रॉनिक जॅकार्डमध्ये तीच नक्षी पेनड्राइव्हवर येते.

पुठ्ठ्याची युक्तीही एका माणसाची नव्हे. फ्रान्समध्ये बाझिल बुशाँनं 1725 मध्ये भोकांचा कागदी पट्टा वापरला, फाल्काँनं तीन वर्षांत त्याचे सुटे पुठ्ठे ओवले, व्होकांसाँनं यंत्रणा मागाच्या डोक्यावर नेली, आणि जोसेफ मारी जॅकार्डनं 1804 च्या सुमारास हे सगळं जुळवून रोज चालेल असं यंत्र केलं. नवीन घटक जवळपास नाही. नवीन होती जुळणी. पुढे चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात ही कार्डं घेतली, आणि हर्मन हॉलेरिथच्या भोकांच्या कार्डांवर अमेरिकेची 1890 ची जनगणना मोजली गेली.

यावरून ‘जॅकार्ड म्हणजे जगातला पहिला कॉम्प्युटर’ असं भाषणांत ठोकून देतात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते या खणांमुळेच नेमकं सांगता आलं. जॅकार्डला लक्षात ठेवता येतं, विचारता येत नाही. चौदाव्या कार्डानंतर पंधरावं, मग धागा असो की नसो. ‘असं असेल तर हे कर’ म्हणणारी जागा मागावर आहे, पण ती डोक्यावर नाही. बाजूला, धोट्याच्या पेटीजवळ. वेफ्ट फोर्क म्हणतात तिला. काट्याएवढी तार. आडवा धागा आला असेल तर तो त्या काट्याला ढकलून झुकवतो आणि माग चालू राहतो. धागा नसेल तर काटा झुकत नाही, त्याची शेपटी हलत्या दांड्यात अडकते आणि दांडा हँडल पाडून माग बंद करतो. अख्ख्या लोखंडी सांगाड्यात ‘जर’ म्हणणाऱ्या जागा बोटावर मोजण्याइतक्या, आणि त्यातली ही एक.

मामा म्हणाले, “म्हंजे ह्योच खरा हुशार. मोर काढणारा न्हाई.”

कॉम्प्युटरवर काय चढवलं

एक वस्तू एकाच खणात, हा हट्ट कॅमनं मोडला होता. इथं मी पोल्हेमला सोडून ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन यांच्याकडे वळलो. लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला: त्याच पट्ट्या, तेच नट-बोल्ट, आणि त्यातून वेगवेगळी खेळणी. पुस्तकांचं वर्गीकरणही असंच हवं, तयार खणांचं नव्हे, सुट्या पैलूंच्या जोडणीचं, हे त्यांना तिथं सुचलं. 1933 मध्ये द्विबिंदू वर्गीकरण आलं. ग्रंथपालांनी सोडवलेला प्रश्न आम्ही मेकॅनिकलवाले पुन्हा पहिल्यापासून सोडवत बसतो, ही आमची खोड.

तर प्रत्येक स्पेअरला तीन शब्द. काय करतं, कुठं बसतं, कसं जातं. तिसरा पैलू माझ्या डोक्यात कधीच आला नसता, तो मामांचा. त्यांच्या मनात सगळं स्टोअर आधीपासून लावलेलं होतंच: झिजणारे, तुटणारे, सैल होणारे, धुळीनं अडणारे. चामड्याचा पट्टा आणि प्लास्टिकचा पिकर दोन्ही ‘मारणारे’, पण एक ताणून सैल पडतो, दुसऱ्याला भोक पडतं. खरेदीच्या यादीला तोच पैलू लागतो. आणि ‘पाऊल टाकणारे, झिजणारे’ असा शोध टाकला की टॉवेल-चादर भेद न करता सगळ्या जिभांची यादी एका कागदावर येते. सुट्टीच्या दिवशी मामांचा पोऱ्या ती घेऊन कारखानाभर फिरतो.

सगळं बसलं असं नाही. नट-बोल्ट आणि बेअरिंग सगळीकडे लागतात, त्यामुळे ‘किरकोळ’ कपाट लहान झालं, गेलं नाही. खळ आणि रंगाईचं सामान या क्रियापदांत येत नाही. तिथं भिजवणं, तापवणं, धुणं अशी वेगळी मुळाक्षरं लागतील. त्याला मी हात लावला नाही.

जॅकार्डचा सौदा

खरा उपयोग झाला तो स्टोअरबाहेर. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड विकणाऱ्याचं कोटेशन मालकाच्या टेबलावर पडून होतं, सगळ्या चादर-मागांसाठी. 1983 मध्ये मिलानच्या प्रदर्शनात बोनास कंपनीनं असं जॅकार्ड पहिल्यांदा मांडलं. आता ते सोलापुरातही नवलाचं राहिलेलं नाही. विकणारा म्हणत होता, कारखाना आधुनिक होईल.

आम्ही तेच खण समोर ठेवून विचारलं: यातलं नेमकं काय बदलतं? लक्षात ठेवणारा घटक बदलतो. कार्डं जातात, सिलिंडर जातो, सुया जातात; प्रत्येक हुकाजवळ छोटा विद्युतचुंबक येतो. हूक उचलणारी सुरी तशीच. खालचा धोटा, पिकर, फणी, सगळं तसंच. म्हणजे ओळी पटकन बदलतील, पण मिनिटाला पिक तेवढेच, कारण वेग अडलाय तो मारणाऱ्या आणि नेणाऱ्या घटकांपाशी. मग माग का थांबतात ते महिनाभर वहीत लिहून काढलं. नक्षी बदलायला थांबणारे माग मोजकेच निघाले, ऑर्डरप्रमाणे छोटे लॉट काढणारे. बाकी माग वर्षानुवर्षं तोच मोर काढतात. त्यांच्या कार्डांना कुणी हातही लावत नाही. ते थांबत होते धागा तुटून आणि पिकर जाऊन.

त्यानं एकच जॅकार्ड घेतलं. विकणारा जरा नाराज झाला.

बसवणारे तंत्रज्ञ गेल्यावर मामा शिडीवर चढले, झाकण काढून बराच वेळ आत बघत राहिले. “सर, हेच्यात आकडा कुठंय?” मी म्हटलं, आकडा नाही, वळवायला सिलिंडरच नाही. ते खाली उतरले, भिंतीवरच्या तपासणीच्या कागदावर त्या मागापुढचं ‘पाऊल टाकणारे: जॅकार्ड’ पेननं खोडलं. मग कंट्रोल बॉक्सच्या पंख्यापाशी बोट लावून बघितलं. बोटाला कापसाचा पांढरा रवा लागला. खोडलेल्या ओळीखाली त्यांनी लिहिलं: ‘पंख्याची जाळी. धुळीनं अडणारे. रोज.’